वाकडी ठेवलेली चिप

वितळलेल्या सोल्डरवर बसलेली चिप मी चिमट्याने दाबली. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा दाबल्यावर काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून, मग दुसऱ्यांदा.

या धंद्यात नसलेल्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. म्हणून आधी थोडं सांगतो. मोबाईल उघडला की आत एक पातळ बोर्ड असतो आणि त्यावर नखाएवढ्या काळ्या चिपा बसवलेल्या असतात. या चिपांना पाय नसतात. पोटाखाली खसखशीहून बारीक अशा सोल्डरच्या दीडेकशे गोळ्या असतात, आणि बोर्डावर प्रत्येक गोळीची ठरलेली जागा असते. अशी चिप काढून पुन्हा बसवायची तर वरून गरम हवा मारायची. गोळ्या वितळल्या की चिप त्या पातळ धातूवर अक्षरशः तरंगते आणि थोडी वाकडी असली तरी आपणहून सरकत जाग्यावर येते. वितळलेल्या धातूला आपला पृष्ठभाग होईल तेवढा लहान ठेवायचा असतो, म्हणून प्रत्येक गोळी चिपेला आपल्या जागेकडे ओढते. दीडशे गोळ्यांची ओढ मिळून चिप बरोबर मध्यावर येऊन थांबते. या कामाला माणूस लागत नाही. बिघडवायला मात्र लागतो, आणि तिथे मी हजर होतो.

मी मुळात मास्तर. केजला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे क्लास घ्यायचो. पोरं लातूरला जायला लागली तशी बाकं रिकामी होत गेली. शेवटच्या वर्षी मला धरून आम्ही सात जण होतो. मग तीन महिन्यांचा मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केला आणि मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेत, एक गाळा घेतला. पाटीवर मोठ्या हौसेनं दुकानाच्या नावाखाली ‘बी.एस्सी. (फिजिक्स)’ लिहून घेतलं. पहिल्याच आठवड्यात एक ट्रकवाला पोट धरून आत आला. म्हणाला, “डाक्टर, दोन दिस झाले, जुलाब थांबंना.” मी त्याला समोरच्या मेडिकलला धाडलं. जाताना एक चार्जर मात्र विकला.

स्क्रीन बदलणं, चार्जिंगची पिन बदलणं, स्पीकरमधली धूळ काढणं इथवर माझं बरं चाललेलं होतं. चिपेचं काम मी घेत नसे. येत नव्हतं असं नाही. यूट्यूबवर बघितलेलं होतं.

एका सोमवारी नांदूरघाटाकडच्या एक मावशी दुकानात आल्या. साठीच्या असतील. पदरात बांधलेला फोन सोडून त्यांनी काउंटरवर ठेवला.

“मास्तर, ह्याला चालू करा. बाकी काय नगं.”

“झालं काय याला?”

“कोष काढताना कट्ट्यावरनं पडला. तवापासून मुका हाय.”

मावशींकडे तुतीचा प्लॉट आणि रेशमाच्या किड्यांची शेड होती. फोन चार-पाच वर्षं जुना, काच तडकलेली. मी धंद्याच्या सवयीनं म्हणालो, “मावशी, याच्यात कशाला जीव अडकवता? नवा घेऊन टाका की.”

“नवा घिऊ? नव्यात माझा दीर दगडावर बसलेला दिसंल का?”

मला काही कळेना. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. त्यांच्या आणि धाकट्या दिराच्या वावरामध्ये बांध, आणि बांधावर हद्दीचा दगड. उन्हाळ्यात त्या दोन दिवस लेकीकडे गेल्या होत्या तेवढ्यात दिरानं ट्रॅक्टर घालून बांध मोडला आणि दगड गायब केला. मावशींनी चावडीवर विचारलं तर तो चारचौघांत म्हणाला, “तिथं दगड कवाच नव्हता. वयनीला आता भास व्हायलेत.” भावकीतले चार जण हसले. आता मावशींनी सरकारी मोजणी मागवली होती आणि ती येत्या गुरुवारी होती.

“मग मोजणीत निघेलच की हद्द,” मी म्हणालो. “ते नकाशावरून मोजतात. त्यांना तुमचा व्हिडिओ लागत नाही.”

“त्यास्नी न्हाई, मला लागतुय,” मावशी म्हणाल्या. “लेकीला तुती दाखवायला म्हणून शूटिंग केलतं. त्यात ह्यो बाबा त्याच दगडावर बसून चपलीचा चिखुल खरडतुय. लेकीला धाडाय गेले तर ते लई मोठं हाय म्हणून गेलंच न्हाई. फोनातच ऱ्हायलं. बेस्तरवारी समदी भावकी बांधावर येणार, तवा दाखवायचंय. जिमीन हातभर इकडं तिकडं झाली तर झाली. पर मला खोटी म्हणला त्यो. चावडीवर.”

मी म्हणालो, “उद्या घेऊन जा.”

हे वाक्य बोलायची मला काहीएक गरज नव्हती.

त्यांच्यासमोरच फोन उघडून बघितला. बोर्डावर पाणी शिरलेलं नव्हतं, काही जळलेलंही नव्हतं. मेमरीच्या चिपेवर बोट ठेवून जरा दाबलं की कंपनीचं चिन्ह दिसायचं. बोट उचललं की गेलं. म्हणजे आपटल्यामुळे चिपेखालच्या काही गोळ्या सुटल्या होत्या. “नुसतं टाचण निघालंय, मावशी,” असं सांगून मी त्यांना एसटीला धाडलं. व्हिडिओ त्याच चिपेत. निदान अचूक होतं, त्याबद्दल मला आजही माझा अभिमान आहे. त्यापुढे अभिमान बाळगावा असं काही घडलं नाही.

कारण तिथेच माझ्या डोक्यात बसलं, की दाबलं की होतंय.

चिप काढली, जुनं सोल्डर पुसलं, बारीक भोकांची जाळी ठेवून नव्या गोळ्या बनवल्या. इथवर ठीक. सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्सचा चिकट लेप दिला, चिप जागेवर ठेवली, गरम हवा सोडली. गोळ्या चमकायला लागल्या आणि चिप किंचित हलली. ती आपल्या जाग्यावर निघाली होती. मला वाटलं, निसटली. मी चिमट्यानं तिला वरून दाबून धरलं, पोरगं बाकावरून उठायला लागलं की खांदा दाबून बसवायचो तसं. बाजूनं चांदीसारखा एक थेंब बाहेर आला. बोर्ड थंड करून करंट दिला तर मीटरचा काटा थेट दुसऱ्या टोकाला. खालच्या गोळ्या चपट्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. सरळ शॉर्ट.

मी चिप पुन्हा काढली, पुन्हा साफ केली, पुन्हा गोळ्या बनवल्या. या वेळी दाबायचं नाही, असं स्वतःला बजावलं. हवा सोडली. चिप हलली. मी दाबली.

का, ते विचारू नका.

मंगळवारी मावशी एसटीनं आल्या. मी तोंड लपवायला दुसऱ्याच एका फोनमध्ये डोकं घातलं.

“झाला का वो?”

“पार्ट यायचाय, मावशी. पुण्याहून.”

“कंचा पार्ट?”

“आतला.”

“काल तर म्हणलात, निस्तं टाचण निघालंय.”

“त्याच टाचणाचा पार्ट.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी किडे पाळले होते, सासर काढलं होतं. थाप ओळखायला त्यांना फिजिक्स लागत नव्हतं. “मास्तर,” त्या म्हणाल्या, “फोन गेला आसंल तर तसं सांगा. बेस्तरवारी मी बांधावर रिकाम्या हातानं हुबी ऱ्हाईन. पर त्या दिशी सकाळच्याला कळाया नगं, आज कळू द्या.”

मी म्हणालो, “गेलेला नाही.” हे खरं आहे का ते मलाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “मग बेस्तरवारी तुमीच घिऊन या बांधावर,” आणि स्टँडकडे निघून गेल्या.

एक चिप किती वेळा तापवावी याला मर्यादा असते. दोनदा मी तापवली होती, काढताना तापली ती वेगळी. आता तिसऱ्यांदा माझ्या हातानं तापवायची माझी हिंमत नव्हती. जिल्ह्यात चिपेच्या कामाला एकच नाव घेतात: परळीला स्टेशनजवळ एक बाई बसते. तिच्याकडे मी दोन वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. कारण ती माझी विद्यार्थिनी. बारावीला माझ्या क्लासला होती, फिजिक्समध्ये काठावर पास. निकालाच्या दिवशी मी तिच्या वडिलांना सांगितलं होतं, की पोरीचं डोकं बारीक कामात चालत नाही.

बुधवारी सकाळच्या एसटीनं परळी गाठली. तिचं दुकान माझ्या गाळ्याच्या निम्मं. थर्मल वीजकेंद्राची राख उडते म्हणून मायक्रोस्कोपवर कायम ओलं फडकं, दाराला जाड पडदा. मला बघून ती उठली, पाया पडायला वाकली.

“सर! तुम्ही कसे काय?”

“एक काम होतं. गिऱ्हाईकाचं. चिप जरा हलली.”

तिनं बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला. चारही बाजूंनी फिरवून बघितला.

“सर, दाबली होती का?”

“छे. हलली फक्त.”

“हलून गोळ्या चपट्या होत नाहीत, सर.”

“जराशी दाबली असेल.”

“किती वेळा?”

“एकदा.”

तिनं डोळा काढला नाही. “इथं जुन्या फ्लक्सचे दोन थर आहेत. एक काळा पडलाय, एक पिवळा आहे.”

“दोनदा,” मी म्हणालो.

“अजून एकदाच तापवता येईल. त्यात नाही झालं, तर मग नाही.” ती म्हणाली, आणि विचारलं, “आत काय आहे?”

मी सांगितलं. दीर, दगड, चप्पल, चावडी. तिनं मान हलवली आणि दाराला आतून कडी लावली. हवेची झुळूकसुद्धा नको होती. मग एक बॅटरी काढून माझ्या हातात दिली. “सर, ही दोन्ही हातांनी धरा. बोर्डावर उजेड राहू द्या. सोडायची नाही.”

मी धरली. दोन्ही हातांनी.

तिनं चिप उचलली, साफ केली, सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीनं बोर्डावरचं माझं कर्तृत्व पुसून काढलं. जाळीवर करड्या रंगाची सोल्डरची पेस्ट पसरली आणि हवा लावली. मऊ गिलाव्यासारखी दिसणारी ती पेस्ट बघता बघता आकसली, चकाकली, आणि प्रत्येक भोकात एक एक गोल मणी उभा राहिला. सगळे एकसारखे. हे मी दुकानात दोनदा केलं होतं, पण बघितलं आत्ता. तेव्हा माझं लक्ष पुढच्या घाईत होतं.

मग तिनं चिप बोर्डावर ठेवली. वाकडी.

“अगं, वाकडी ठेवलीस.”

“असू द्या, सर.”

“कोपरा बघ ना, डावीकडं—”

“सर, बॅटरी.”

मी बॅटरी नीट धरली. हवा सुरू झाली. फ्लक्सचा धूर निघाला, बुडबुडे आले, गेले. काहीच होत नव्हतं. माझ्या बोटांना काहीतरी करावंसं वाटत होतं, पण ती बॅटरीवर होती. आणि मग चिप केसभर खाली बसली, हळूच वळली आणि सरळ झाली. म्हैस बाहेरून येऊन कुणी न हाकता आपल्या दावणीला उभी राहते तशी. तिनं चिमट्याच्या टोकानं तिला बाजूनं नुसता स्पर्श केला. चिप हलली आणि परत मध्यावर आली.

“हे बघा. ढकलायचं आणि सोडायचं. परत आली म्हणजे सगळ्या गोळ्या धरल्यात. वरून कधी दाबायचं नाही.”

“पृष्ठताण,” मी म्हणालो. काहीतरी बोलणं भाग होतं.

“हो सर, तुम्ही शिकवला होता. पाण्यावर सुई तरंगवून.”

मला ते आठवू नये अशी माझी इच्छा होती. क्लासमध्ये मी वाटीभर पाण्यावर सुई तरंगवून दाखवणार होतो. नुसती अलगद सोडायची असते. मी ती बोटानं नीट करायला गेलो आणि ती बुडाली. तीनदा. चौथ्यांदा मी पोरांना सांगितलं, “समजा, तरंगली,” आणि पुढचं गणित फळ्यावर लिहिलं.

“आम्ही वहीत तसंच लिहिलं होतं,” ती म्हणाली. “समजा, तरंगली.”

बोर्ड थंड व्हायला वेळ होता. तेवढ्यात तिनं आपल्या फोनवर एक शूटिंग दाखवलं. कुठल्यातरी प्रयोगशाळेत वाळूच्या कणाएवढे दिवे एका पातळ द्रवात सोडलेले, खाली एक पट्टी, पट्टीवर सोल्डरचे ठिपके. भांडं नुसतं हलवत होते. दिवे वाहत यायचे आणि एकेका ठिपक्यावर चिकटून बसायचे. पाचेक मिनिटांत सगळी पट्टी भरली.

“कुणी उचलून ठेवत नाही, सर. इतकी बारीक वस्तू कोणता चिमटा धरणार?”

“आणि एखादा उलटा बसला तर?”

“उलट्या बाजूला सोल्डर धरतच नाही. सुटतो, परत वाहतो, परत बसतो. हलवत राहायचं फक्त.”

मी म्हणालो, “कुणीतरी एखादा दाबून बसवत असेलच.”

“तुम्ही तिथं नसता ना, सर,” ती म्हणाली. पाया पडणारी हीच मुलगी.

करंट दिला. काटा थोडा वर गेला, थांबला, खाली आला, परत वर. जिवंत फोनचा काटा असाच नाचतो. चिन्ह दिसलं, गेलं नाही. स्क्रीन उघडली तेव्हा वॉलपेपरवर तुतीची पानं होती. आम्ही दोघांनी व्हिडिओ शोधला. पहिलं मिनिटभर नुसती तुती. मग कॅमेरा वळला आणि बांधावरचा दगड दिसला, त्यावर एक मध्यमवयीन गृहस्थ, एक पाय वर, हातात काटकी, चपलेचा चिखल काढण्यात मग्न. तिनं लगेच त्याची एक प्रत माझ्या फोनवर घेतली, एक पेन ड्राइव्हवर. मग म्हणाली, “आता ती बॅटरी ठेवली तरी चालेल, सर. मायक्रोस्कोपला स्वतःचा दिवा असतो.”

गुरुवारी मी बांधावर, म्हणजे जिथे बांध असायला हवा होता तिथे, पोचलो तेव्हा मोजणी सुरू झाली होती. मोजणीदार तिकाटण्यावर यंत्र लावून आपल्या कामात होता. भावकीतले दहा-बारा जण बाभळीखाली बसले होते. दीर मध्ये उभा, पांढरे कपडे, हातात पाण्याची बाटली. मावशी एका बाजूला एकट्या. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी व्हिडिओ लावला, आवाज मोठा केला आणि फोन भावकीतल्या सगळ्यात थोरल्या म्हाताऱ्याच्या हातात दिला.

म्हाताऱ्यानं फोन डोळ्याजवळ धरला. बघितलं. मग शेजाऱ्याकडे दिला. फोन एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. शेवटी तो दिराच्या हातात आला. त्यानं शेवटपर्यंत बघितलं, स्वतःची चप्पल साफ होईपर्यंत.

“ह्यो दगड कुठलाबी आसंल,” तो म्हणाला.

थोरला म्हातारा म्हणाला, “आरं पर बुड तर तुझंच हाय ना.”

बाभळीखाली सगळे हसले. या वेळी हसू मावशींवर नव्हतं. दीर बाटली घेऊन आपल्या ट्रॅक्टरकडे गेला. मोजणीदारानं मान वर करून बघितलं आणि परत आपल्या यंत्रात डोळा घातला. त्याला यातलं काही लागत नव्हतं, मी सांगितलं होतं तसंच. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा खाली बसल्या.

म्हातारा मला म्हणाला, “मास्तर, लई भारी काम केलं तुमी. आमचं पोरगं म्हणलं हुतं, त्यो फोन आता कायमचा गेला.”

मावशींनीही माझ्याकडे बघितलं, कौतुकानं. इथे मी “काही नाही, काही नाही” म्हणून चहा पिऊन निघालो असतो तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण समोर दहा-बारा माणसं खाली बसलेली दिसली की माझ्यातला मास्तर उठतो. मी तिथली एक काटकी घेतली आणि मातीत चिप काढली. खाली गोळ्या काढल्या. गोळ्या वितळल्या की चिप कशी तरंगते, प्रत्येक गोळी कशी ओढते, वाकडी ठेवली तरी कशी सरळ होते, सगळं सांगितलं. सांगता सांगता परळीची पोरगी आली, बॅटरी आली, आणि भरात आल्यावर मी दोनदा दाबलेलंही सांगून टाकलं. काम करणाऱ्यानं फक्त हात मागे घ्यायचा आणि बघायचं, असं म्हणून मी समारोप केला आणि काटकी टाकली.

मावशी मातीतल्या आकृतीकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

“म्हंजी निस्तं गुमान बघत बसायचं काम हुतं व्हय,” त्या म्हणाल्या. “मग ते तुमच्याच्यानं कसं हुईल, मास्तर?”